यंत्राजवळची जागा

इंग्रजी विद्येला वाघिणीचे दूध म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे. ते दूध पिऊन कोण गुरगुरू लागले, कोणाला ते पचले आणि कोणाला बाधले, यावर व्याख्याने झाली, ग्रंथ झाले, भांडणेही पुष्कळ झाली. परंतु ते दूध ज्या वाटीतून आले त्या वाटीचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. परकी भाषा काही हवेतून कानात शिरत नाही. तिला वाहून आणणारे एखादे साधन लागते. कधी छापलेला कागद, कधी टपालाची पिशवी, कधी ग्रामोफोनची तबकडी, कधी संगणक, आणि आता खिशातला फोन. साधन घरात आले म्हणजे भाषा घरात आली असे आपण धरून चालतो. पण साधन घरात आल्यावर त्याच्याजवळ बसते कोण, हा प्रश्न उरतोच.

माझा व्यवसाय शिक्षकाचा. मराठी शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर जुनी कागदपत्रे चाळण्याचा नाद लागला. हे दोन नाद एकत्र आले की माणूस फराळाच्या ताटावरही असले विषय काढतो. घरच्यांना त्याची सवय झाली आहे. वाचकांनीही थोडे सोसावे.

आरंभ ‘दर्पणा’पासून करू. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. मराठीतले पहिले वृत्तपत्र म्हणून आपण त्याची आठवण दरसाल काढतो. पण त्याचे पान डोळ्यांपुढे आणले तर ते निव्वळ मराठी नव्हते हे चटकन ध्यानात येते. एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी, अशी त्याची मांडणी होती. एतद्देशीय लोकांत इंग्रजी विद्येचा अभ्यास वाढावा हा हेतूही त्यात होता. शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर हे एक उत्तम पाठ्यपुस्तकच म्हणावे लागेल. डावीकडून उजवीकडे नजर फिरवली की अर्थ उमगतो. शब्दकोश उघडावा लागत नाही, कोणाला विचारावे लागत नाही. विचारण्याची लाज हा भाषा शिकणाराचा मोठा शत्रू असतो, आणि तो शत्रू त्या दोन स्तंभांनी परस्पर बाजूला सारला होता. मात्र या सोयीचा लाभ कोणाला? ज्याला मराठी छापील अक्षर आधीच वाचता येत होते, आणि ज्याच्या हाती ते पत्र पडत होते, त्याला. त्या काळी असे लोक किती होते हे सांगावयास नकोच. ‘दर्पण’ १८४० साली बंद पडले.

पन्नास वर्षांनंतर, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन केले ते इंग्रजीत होते. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव सरकारला त्याच्याच भाषेत जाब विचारीत होते. सरकारचा महसूल मुख्यतः कुणब्याच्या घामातून येतो आणि वरच्या शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांच्या मुलांना होतो, हे त्यांचे सांगणे. साधन कोणाच्या पैशाने येते आणि कोणाच्या हाती राहते, हा प्रश्न इतक्या रोखठोकपणे आमच्याकडे दुसऱ्या कोणी त्या काळात विचारला असेल असे मला वाटत नाही.

आता टपालाकडे वळू, कारण टपालाची कथा फार सुरस आहे. आनंदीबाई जोशी यांचे नाव प्रत्येक घरात ठाऊक आहे. त्यांचे यजमान गोपाळराव टपालखात्यात नोकरीला होते, हेही ठाऊक असते; परंतु या नोकरीचा आणि आनंदीबाईंच्या इंग्रजीचा संबंध कोणी जोडत नाही. पत्नीला अमेरिकेत शिकवता यावे म्हणून गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला पत्र लिहिले; ते पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आले. न्यू जर्सीमधील रोझेल गावच्या कार्पेंटरबाई १८८० साली दातांच्या डॉक्टरकडे गेल्या असता त्यांनी ते मासिक सहज चाळले, आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र घातले. तेथून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. ही दोन बायकांची गोष्ट आहे; एकीने दुसरीला पाहिलेले नाही, मधे दोन महासागर, आणि भाषा एकीची जन्माची तर दुसरीची शिकलेली. मला तर हा पत्रव्यवहार म्हणजे एक शाळाच वाटते. बोलताना चूक झाली तर समोरचा हसतो; पत्रात तसे होत नाही. लिहावे, खोडावे, पुन्हा लिहावे, आणि उत्तर यायला कित्येक आठवडे लागणार म्हणून मधल्या काळात आपलेच वाक्य मनात घोळवावे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जाणार हे इंग्रजीतून जाहीर सभेत सांगितले. तेव्हा त्यांना अठरावे वर्ष सरत होते. त्याच वर्षीच्या एप्रिलात त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या.

या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे बरे नाही. घराघरांतून मुलींना वाचल्याबद्दल मार बसे त्या काळात आनंदीबाईंना अभ्यास टाकून स्वयंपाकात रमल्याबद्दल मार बसला. पुस्तक त्यांच्या हाती होते, परंतु ते केव्हा उघडायचे आणि केव्हा मिटायचे हे ठरवणारा हात त्यांचा नव्हता.

रमाबाई रानड्यांची तऱ्हा याच्या उलट. त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली निघाले. त्यात इंग्रजी शिकण्याचे जे वर्णन आहे ते मी वर्गात अनेकदा सांगत असे. न्यायमूर्ती स्वतः शिकवायला तयार, पुस्तके घरात, पैशाची वाण नाही. अडचण काय होती? घरातील वडील बायका. त्यांचे टोमणे, त्यांचा अबोला, सून इंग्रजी वाचते म्हणून होणारी कुचेष्टा. रमाबाईंनी त्या बायकांविषयी कडवटपणे लिहिलेले नाही, आणि ते योग्यच झाले. ज्यांना अक्षर कोणी दाखवले नाही त्यांच्या डोळ्यांदेखत घरातली एकच सून पुस्तक घेऊन बसते; त्यांना काय वाटले असेल याचा विचार आपण सहसा करीत नाही. एका घरात एक दिवा लावला की बाकीच्या खोल्या अधिकच काळोख्या दिसू लागतात.

यानंतर आवाज देणारी यंत्रे आली. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची यादी मांडताना उच्चार व वक्तृत्व शिकवणे हाही एक उपयोग सांगितला. १९०१ साली लंडनमध्ये लिंग्वाफोन कंपनी निघाली. आधी मेणाच्या नळ्या आणि मग तबकड्या अशा वाटेने परकी भाषा घरबसल्या विकत मिळू लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४३ साली, बीबीसीने रेडिओवरून इंग्रजी शिकवण्यास आरंभ केला. ही सारी यंत्रे आमच्याकडे पोचली, परंतु कोठे? ग्रामोफोन वकिलाच्या दिवाणखान्यात, आणि रेडिओ चावडीवर नाहीतर हॉटेलात. चावडीवर बाई जात नसे आणि हॉटेलात तर नाहीच नाही.

शाळांपर्यंत यंत्र यायला फार वेळ लागला, आणि आले ते कपाटात गेले. मी ज्या एका शाळेत काही वर्षे होतो तेथे इंग्रजी संभाषणाच्या फितींसह एक टेपरेकॉर्डर आला होता. तो मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असे. किल्ली शिपायाकडे, शिपायाला परवानगी मुख्याध्यापकांची, आणि मुख्याध्यापकांना धास्ती की मुले बटणे मोडतील. वर्षातून दोनदा, तपासणीसाहेब येणार असले म्हणजे, तो बाहेर निघे. एखाद्या देवाची पालखी निघावी तसा दोन मुले तो उचलून वर्गात आणीत. मुलांनी त्याला हात लावलेला मी कधी पाहिला नाही.

यंत्राचे हे चालले असताना धोरणही हेलकावे खात होते. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात मराठी शाळांतले इंग्रजी आठव्या इयत्तेवर गेले. पुढे ते पुन्हा पाचवीवर आले. आणि जून २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. प्रत्येक वेळी मोठा वाद झाला. पहिलीच्या निर्णयावर तर मातृभाषेचे काय होणार म्हणून केवढा गदारोळ उठला होता! मी स्वतः त्या निर्णयाच्या बाजूचा. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी आपली मुले केव्हाच इंग्रजी माध्यमात घातली होती. आठवीची वाट पाहणारा राहिला होता तो जिल्हा परिषदेच्या शाळेतला पोर. परंतु पहिलीच्या वर्गावर जे गुरुजी होते त्यांनाच इंग्रजी बोलण्याची सवय नव्हती, ही अडचण काही निर्णयाने सुटली नाही. मग सर्वांची नजर पुन्हा यंत्राकडे लागली. गुरुजींना येत नसेल तर संगणक शिकवील!

याच सुमारास दिल्लीत एक विलक्षण गोष्ट घडली. २६ जानेवारी १९९९ रोजी कालकाजी भागात एनआयआयटी या संस्थेच्या कचेरीच्या भिंतीला भोक पाडून सुगत मित्र यांनी त्यात एक संगणक बसवला. भिंतीच्या पलीकडे झोपडपट्टी होती. कोणी शिकवायला नाही, कोणी राखण करायला नाही. मुले आली, खुडबूड करू लागली, आणि थोड्याच दिवसांत सराईतपणे तो चालवू लागली. जगभर या प्रयोगाचा बोलबाला झाला.

मला त्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो शब्दांचा. संगणकाच्या पडद्यावर सगळे इंग्रजीत. मुलांना इंग्रजी येत नाही. तेव्हा त्यांनी आपले शब्द केले. पडद्यावर फिरणाऱ्या बाणाला ती ‘सुई’ म्हणू लागली, आणि यंत्र विचारात पडले की दिसणाऱ्या वाळूच्या घड्याळाला ‘डमरू’. वाळूचे घड्याळ त्या मुलांनी कधी पाहिले नव्हते. डमरू मदाऱ्याच्या हातात पाहिला होता. आकार तोच. व्याकरणाचे पंडित परिभाषा समित्या नेमून वर्षानुवर्षे खल करतात, आणि येथे उघड्या अंगाच्या पोरांनी चार दिवसांत परिभाषा तयार केली. दुसरी भाषा शिकताना पहिली भाषा अशी हाताशी धरावी लागते, हे त्या पोरांना कोणी सांगितले नव्हते. पुढे उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात यंत्र ठेवले तेव्हा मुले शेदोनशे इंग्रजी शब्द आपापसांत वापरू लागली. यंत्राला इंग्रजीच येते, म्हणून आम्हालाच ती शिकावी लागली, असे त्यांचे सांगणे पडले.

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही ही पेटी आली होती. शिरगाव येथे अशा पेटीवर आपसूक शिकलेल्या मुलांची आठवीच्या संगणक विषयाची परीक्षा घेतली, तेव्हा ती मुले वर्गात शिकलेल्या मुलांच्या तोडीस तोड उतरली, असा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. कोकणातल्या पोरांच्या चौकसपणाची ज्याला ओळख आहे त्याला याचे नवल वाटणार नाही.

आता याची दुसरी बाजू. मार्क वॉर्शावर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने दिल्लीतल्या पेट्या जाऊन पाहिल्या आणि एक कोरडे टिपण लिहिले. इंटरनेट धड चालत नव्हते. हिंदीत पाहण्यासारखे काही नव्हते. मुले चित्रे काढीत आणि खेळ खेळत. आणि मुख्य म्हणजे पेटीपुढे बहुतेक मुलगेच होते. काही पालकांची तर तक्रार होती की पोरगा अभ्यास सोडून तेथेच पडलेला असतो. हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही. जे फुकट आहे, उघड्यावर आहे आणि ज्याला रांग नाही, ते दांडग्याचे होते. गावच्या नळावर हे रोज दिसते. घरातल्या मुलीला धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभे राहावे लागते. तिचा एक हात त्यात गुंतलेला. भिंतीतल्या यंत्राला मुलगी आणि मुलगा यांत भेद करता येत नाही, म्हणून ते न्यायी, असे समजणे भाबडेपणाचे आहे. भेद यंत्राच्या अलीकडे, रस्त्यावर झालेला असतो. पुढे पायल अरोरा यांनी उत्तराखंडात अल्मोडा व हवालबाग येथे जाऊन शोध घेतला, तेव्हा तेथल्या पेट्या बंद पडलेल्या आढळल्या. २०१० साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. यंत्र ठेवणारे पुढच्या गावी गेले होते. मागे ते दुरुस्त करणारे कोणी राहिले नव्हते.

हैदराबादेत मित्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक प्रयोग केला, आणि तो आमच्या विषयाला अधिक जवळचा आहे. गरीब वस्तीतल्या सोळा मुलांना चौघांचे गट करून एक संगणक दिला. त्यात बोललेले ऐकून टंकून काढणारी एक प्रणाली होती. मूल इंग्रजीत बोले; यंत्राला समजले तर बरोबर शब्द उमटत, नाही समजले तर भलतेच काहीतरी उमटे. काही महिन्यांत मुलांचे उच्चार सुधारले. यंत्राच्या मते सुधारले आणि ऐकणाऱ्या माणसांच्या मतेही. २००३ साली याचा वृत्तान्त छापून आला. शिक्षक नाही, छडी नाही, कोणी हसणारे नाही. मघाशी म्हटलेली ती विचारण्याची लाज येथे पुन्हा बाजूला सरली. मी हा वृत्तान्त वाचला तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

पण मग एक शंका मनात आली आणि ती गेली नाही. यंत्राला ‘बरोबर’ उच्चार कोणी शिकवला? ज्यांच्या आवाजावर ते यंत्र तयार झाले त्यांचा उच्चार बरोबर, आणि हैदराबादच्या पोराने आपली जीभ त्याप्रमाणे वळवावयाची. ही शंका निव्वळ माझ्यासारख्या म्हाताऱ्या मास्तराची नव्हे. २०२० साली अमेरिकेत पाच बड्या कंपन्यांच्या अशा प्रणालींची तपासणी झाली. गोऱ्या माणसांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सुमारे १९ चुका, तर कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात सुमारे ३५. त्यांची तर इंग्रजी जन्माची भाषा! मग धुळ्याच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीचे बोलणे यंत्राने नाकारले तर चूक तिची की यंत्राची, हे तिला कोण सांगणार? ती बिचारी स्वतःलाच चुकीची समजेल.

रांगेचा प्रश्न सोडवण्याचा एक सरळ उपाय म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र देणे. निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ साली शंभर डॉलरचा संगणक जाहीर केला तो याच विचाराने. भारत सरकारने २००६ साली या योजनेकडे पाठ फिरवली; तरीही २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या लहानशा वस्तीत एकशिक्षकी शाळेतल्या वीसबावीस मुलांच्या हाती ते हिरवे-पांढरे, सशासारखे दोन कान उभे केलेले संगणक आले. येथे निदान कपाट नव्हते आणि किल्लीही नव्हती. यंत्र घरी न्यायची मुभा, म्हणजे मुलीच्या घरीही ते जाणार. कल्पना मला अतिशय आवडते. मात्र यंत्र दिले की शिकणे आपोआप होते, हा भ्रम पेरू देशातल्या मोठ्या अभ्यासाने दूर केला. तेथे तीनशेहून अधिक खेड्यांतल्या शाळांची पाहणी करून २०१२ साली निष्कर्ष निघाला की भाषा आणि गणित यांच्या परीक्षांत यंत्रामुळे काही फरक पडलेला दिसत नाही. किंमतही शंभर डॉलरवर राहिली नाही. जवळजवळ दुप्पट झाली.

या सगळ्यात मराठीचे स्थान कोठे होते, हेही पाहिले पाहिजे. कारण ज्याची स्वतःची भाषा यंत्रात नाही त्याला एका वेळी दोन परक्या गोष्टी शिकाव्या लागतात, यंत्र आणि भाषा. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली, परंतु ती गावच्या संगणकावर सुखाने उमटायला आणखी पंधरावीस वर्षे गेली. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा, म्हणजे महाराष्ट्रदिनाचा. गूगलच्या भाषांतरयंत्रात मराठी आली २०१३ साली. ‘दर्पणा’तले दोन स्तंभ पुन्हा शेजारी आले, असे मी तेव्हा कौतुकाने म्हणालो होतो. भाषांतर कित्येकदा विनोदी निघे ही गोष्ट निराळी.

आणि मराठी ही प्रत्येक मराठी शाळेतल्या मुलाची पहिली भाषा असते, असे तरी कोठे आहे? सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी म्हणून गाव आहे. तेथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले हे शिक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आली होती. एका अंगाला गोठा, दुसऱ्या अंगाला कोठार. मुलींची घरची भाषा कानडी आणि पुस्तके मराठी. त्यांना आमची मराठीच परकी. डिसले यांनी कानडी शिकून पुस्तकांचा मजकूर मुलींच्या भाषेत आणला, आणि पुस्तकाच्या पानांवर चौकोनी ठिपक्यांची ती खूण छापली, की जिच्यावर फोन धरला म्हणजे कविता ऐकू येते, धडा दिसतो. २०१७ पासून ही खूण राज्याच्या पाठ्यपुस्तकांत येऊ लागली, आणि ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वर्तमानपत्रांनी चौकोनी खुणेचे गोडवे गायले. मला त्या खुणेपेक्षा मास्तरांनी कानडी शिकली ही गोष्ट मोठी वाटते. मुलाने आपल्या भाषेकडे यावे अशी सगळे यंत्रवाले अपेक्षा धरतात. येथे शिकवणारा आधी मुलींच्या भाषेकडे चालत गेला.

त्याच २०२० साली मार्चमध्ये शाळांना कुलपे लागली आणि शिक्षण फोनवर गेले, ते दिवस सर्वांच्याच स्मरणात आहेत. ‘असर’ या पाहणीत त्या वर्षी असे दिसले की शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दोनच वर्षांपूर्वी हे प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास होते. वाढ मोठी. परंतु ‘घरी’ या शब्दात सगळी मेख आहे. घरचा फोन सकाळी बापाच्या खिशातून कामावर जातो. संध्याकाळी परत आला की मुलाची पाळी. रमाबाईंच्या वाड्यातल्या खोल्या आठवाव्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया शेकडा ३३ निघाल्या आणि पुरुष शेकडा ५७. ‘असर’ने २०२३ साली चौदा ते अठरा वयाच्या ग्रामीण मुलामुलींना विचारले: स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ४४ टक्के, मुली सुमारे २० टक्के. त्याच पाहणीत इंग्रजी वाक्ये वाचता येणारी मुले ५७ टक्के भरली. पहिलीपासून किंवा तिसरीपासून इंग्रजी शिकून, घरात बोलका फोन येऊन, हा आकडा.

टाळेबंदीच्या त्या पावसाळ्यात पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर काही कार्यकर्त्यांनी एक जुनेच साधन बाहेर काढले. कर्णा! पाड्यात फोन नाही, असला तर रेंज नाही, रेंज असली तर रिचार्जला पैसे नाहीत. तेव्हा धडे आधी मुद्रित करून घेतले आणि कर्णा खांद्यावर टाकून पाड्यापाड्यांतून फिरवला. मुले उघड्यावर अंतर राखून बसत आणि कर्ण्यातून धडे येत. त्यांत शाळेचा अभ्यास असे आणि इंग्रजीही असे. लग्नामुंजीत आणि निवडणुकीत आपण ज्याच्या नावाने बोटे मोडतो ते हे यंत्र. पण त्याच्यापुढे रांग लागत नाही. ते कोणाच्या खिशात मावत नाही. पुढे बसलेल्याला जेवढे ऐकू येते तेवढेच कुडाच्या आत चुलीपाशी बसलेलीलाही येते, आणि तिला त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही. त्याचा दोष एवढाच की ते उलट ऐकत नाही. मुलाने विचारलेला प्रश्न त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्यासाठी कर्णा वाहून आणणारा माणूस शेजारी उभा असावा लागे.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी मागच्या वर्षी फोनवर इंग्रजी शिकायला सुरुवात केली. फोन मुलाचा जुना, काच तडकलेली. रात्री अकरानंतर, सगळे झोपले की त्या कानाला लावून बसतात. त्यांचा उच्चार यंत्राला कळत नाही, म्हणून यंत्र त्यांना तेच वाक्य पुन्हापुन्हा म्हणायला लावते. एके दिवशी त्यांनी मला ते वाक्य म्हणून दाखवले आणि विचारले, “सर, मी बरोबर म्हणते ना?” त्या बरोबर म्हणत होत्या. तसे सांगितले, तर म्हणाल्या, “मग आज त्यालाच पुन्हा ऐकवते.”